लेह ते आल्ची आणि परत: गाईडसोबतचा एक दिवस कसा आखावा

गेली काही वर्षे मे महिना जवळ आला, की ठाण्याच्या नौपाड्यातल्या ओळखीच्या घरांतून लडाखच्या सहलीचे कागद माझ्याकडे येऊ लागतात. "जरा नजर टाका" असे सांगून दिलेल्या त्या कागदावर लेहच्या पश्चिमेकडचा, म्हणजे शाम भागाचा, दिवस बहुधा सारखाच असतो: हॉल ऑफ फेम, स्पितुक, पत्थर साहिब, मॅग्नेटिक हिल, संगम, बास्गो, लिकिर, आल्ची आणि संध्याकाळी शांती स्तूप. नऊ ठिकाणे, एक दिवस आणि साडेतीन हजार मीटर उंचीवरची विरळ हवा. मी त्यातली पाच नावे खोडते, पत्थर साहिब, संगम, आल्ची आणि बास्गो ही चार ठेवते आणि समासात एकच शब्द लिहिते: गाईड. ही खोडाखोड मी का करते आणि उरलेला दिवस कसा घालवावा, हे दर वेळी तोंडी सांगण्याऐवजी या वर्षी सविस्तर लिहून ठेवते आहे.

यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. पहिल्या खेपेला आमच्या गटाने गाईड घेतला नव्हता. ठाण्यातल्या ज्या सहल कंपनीकडे आम्ही पैसे भरले होते, तिने "ड्रायव्हरच सगळे दाखवतो" असे सांगितले आणि आम्ही ते मान्य केले. ड्रायव्हर सज्जन होता. पण त्याचे काम गाडी चालवण्याचे होते आणि ते तो चोख करत होता. आल्चीच्या देवळात आम्ही जेमतेम वीस मिनिटे थांबलो, अंधारात तीन मोठ्या मूर्ती पाहिल्या, नमस्कार केला आणि बाहेर येऊन जर्दाळू विकत घेतले. त्या मूर्तींच्या धोतरांवर बोटभर उंचीच्या माणसांचे एक सबंध जग रंगवलेले आहे, हे मला घरी परतल्यावर एका पुस्तकातली छायाचित्रे पाहताना कळले. ज्याच्यासाठी इतक्या दूर गेलो, त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभे राहूनही ते पाहिले नाही, याचे दुःख मला पुढची खेप होईपर्यंत पुरले.

कोणत्या दिवशी निघावे

ठाणे समुद्रसपाटीला आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. विमानाने गेल्यास हे अंतर शरीराला काही तासांत ओलांडावे लागते. तिथल्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण आपल्याइतकेच, म्हणजे २१ टक्के असते. पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्या हिशेबाने कमी होतो. शरीर ही तूट श्वासाचा वेग वाढवून भरून काढायला शिकते. मात्र त्यासाठी त्याला निदान दोन दिवस हवे असतात. म्हणून पोहोचण्याचा दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस हे दोन्ही विश्रांतीचे धरावेत आणि शाम भागाची ही फेरी तिसऱ्या दिवशी ठेवावी. पहिल्या दिवशी आंघोळीचा आग्रह धरू नये, जिने सावकाश चढावेत, आणि बरे वाटते आहे म्हणून संध्याकाळी बाजारात दोन तास फिरायला जाऊ नये. त्रास बहुधा त्याच रात्री सुरू होतो.

लेहबाहेरची पहिली फेरी याच दिशेला करावी, यालाही कारण आहे. लडाखी भाषेत शाम म्हणजे खालचा मुलूख. सिंधूच्या प्रवाहासोबत रस्ता पश्चिमेकडे जातो आणि आल्ची सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली आहे. वाटेत मोठी खिंड ओलांडावी लागत नाही. याउलट नुब्रा खोऱ्याकडे जाणारी खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटरवर आहे, आणि लेहला उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी तिकडे निघालेले गट मी पाहिले आहेत. त्यांतले निम्मे लोक खिंडीत गाडीच्या खाली उतरतच नाहीत.

तयारी ठाण्यात महिनाभर आधी सुरू करता येते. येऊरच्या चढावर आठवड्यातून चार सकाळी चालल्याने पाय आणि दम दोन्ही सुधारतात. मात्र त्यामुळे विरळ हवेची सवय होत नाही, हे गटातल्या उत्साही मंडळींना स्पष्ट सांगावे. उंचीच्या त्रासाचा तंदुरुस्तीशी फारसा संबंध नसतो. रोज पळणारा तरुण आजारी पडतो आणि त्याची आई ठणठणीत राहते, असे सर्रास घडते. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध, म्हणजेच दुकानात डायमॉक्स या नावाने मिळणारी गोळी, बऱ्याच जणांना उपयोगी पडते. पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ती चालेलच असे नाही आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या गोळ्या वाटून घेऊ नयेत.

गाडी आणि गाईड

महाराष्ट्रातून किंवा दिल्लीहून स्वतःची भाड्याची गाडी नेऊन लेहमध्ये स्थलदर्शन करता येत नाही. स्थानिक टॅक्सीच घ्यावी लागते. टॅक्सी युनियन प्रत्येक मार्गाचे दर छापून जाहीर करते, त्यामुळे लेह–आल्ची–लेह या फेरीचा दर आधीच पाहून ठेवावा आणि घासाघीस करण्यात वेळ घालवू नये. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम कार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. म्हणून गाईड आणि ड्रायव्हर या दोघांचेही क्रमांक गटातल्या किमान दोन पोस्टपेडधारकांकडे असावेत.

गाईड निवडताना सहल कंपनीने दिलेल्या नावावर न थांबता त्या व्यक्तीशी एकदा स्वतः फोनवर बोलावे. मी हिंदीत तीन गोष्टी विचारते. घर कोणत्या गावी आहे, ही पहिली. शाम भागातल्या गावचा माणूस मिळाल्यास शेत, कालवे, लग्ने, हिवाळा यांविषयी तो जे सांगतो ते पाठांतराचे नसते. आल्चीच्या आवारात किती देवळे पाहणार आणि सुरुवात कुठून करणार, ही दुसरी. ज्याला आल्ची माहीत आहे, तो सुमत्सेग आणि दुखांग ही तिथल्या दोन मुख्य वास्तूंची नावे आपणहून घेतो. ज्याला माहीत नाही, तो "बहुत पुराना मंदिर है, पाँच सौ फोटो खींचेंगे आप" असे म्हणतो, आणि आत तर छायाचित्रणाला बंदी आहे. गटात सत्तरीचे आजोबा आणि आठ वर्षांची नात असेल तर वेळापत्रक कसे बदलाल, ही तिसरी. या प्रश्नाला जो क्षणभर थांबून उत्तर देतो, त्याला मी होकार देते.

बोलताना ड्रायव्हरला किंवा गाईडला नुसत्या नावाने हाक मारू नये. लडाखी माणसे आदर दाखवण्यासाठी शब्दामागे 'ले' लावतात. थोरल्या भावाला 'आचो-ले', थोरल्या बहिणीला 'आचे-ले', आईच्या वयाच्या बाईला 'आमा-ले'. आपल्या दादा, ताई, मावशीसारखाच हा व्यवहार आहे आणि ठाणेकरांच्या तोंडी तो दोन तासांत बसतो. 'जुले' हा एकच शब्द नमस्कार, धन्यवाद आणि निरोप या तिन्हींसाठी पुरतो.

आमच्या गटात मराठीखेरीज दुसरी भाषा न समजणाऱ्या दोन आजी होत्या. त्यांच्यासाठी आम्ही एक सोय केली होती, ती मला फार उपयोगी वाटते: गाईडचे हिंदी बोलणे दर चार-पाच वाक्यांनी थांबवून एकीने ते हलक्या आवाजात मराठीत सांगायचे. गाईडलाही त्यामुळे दम घ्यायला उसंत मिळते आणि बाकीच्यांना भिंतीकडे बघायला.

पिशवीत काय असावे

माणशी दोन ते तीन लिटर पाणी, तेही शक्यतो मुक्कामाच्या ठिकाणाहून भरून घेतलेले. एकावर एक चढवता आणि उतरवता येतील असे कपडे, कारण सकाळी आठला स्वेटर लागतो आणि अकराला उन्हात तो अंगात ठेववत नाही. उंची दर हजार मीटरने वाढली, की अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. म्हणून टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन हे तिन्ही मुलांनाही हवे. सनस्क्रीनची बाटली उघडताना तोंड आपल्यापासून दूर धरावे. ठाण्यात भरलेली हवा तिथे बाहेर पडायला आतुर असते. भाकरवडीचे पाकीट तर उशीसारखे टम्म फुगते आणि कात्री लावताच फट्ट असा आवाज होतो. विरळ हवा म्हणजे काय, हे मुलांना समजावण्यासाठी त्या पाकिटाहून सोपे साधन मला सापडलेले नाही. याखेरीज आधार कार्ड, सुट्टे पैसे, बारीक उजेडाची एक छोटी विजेरी आणि कचरा परत आणण्यासाठी एक कापडी पिशवी.

संगमापर्यंत

सकाळी आठला निघावे. लेह सोडताना रस्ता विमानतळ आणि लष्करी वसाहतींच्या बाजूने जातो. तिथे छायाचित्रे काढू नयेत, हे गाडीत बसतानाच सांगून टाकावे. साधारण २५ किलोमीटरवर पत्थर साहिब गुरुद्वारा लागतो. गुरू नानक यांच्या कथेशी जोडलेली एक शिळा इथे आहे आणि गुरुद्वाऱ्याची व्यवस्था लष्कराचे जवान पाहतात. डोके झाकून आत जावे, प्रसाद घ्यावा, पंधरा मिनिटांत निघावे. पुढच्या मॅग्नेटिक हिलसाठी गाडी थांबवण्याची गरज नाही. आजूबाजूच्या डोंगरउतारांमुळे क्षितिजाचा अंदाज चुकतो आणि रस्त्याचा उतार डोळ्यांना चढ वाटतो, त्यामुळे गाडी आपोआप वर चढल्याचा भास होतो. त्यात चुंबकाचा काही भाग नाही. गाईडने एवढे चालत्या गाडीत सांगितले तरी पुरते.

खरा थांबा निम्मूजवळ, लेहपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, सिंधू आणि झंस्कार यांच्या संगमापाशी घ्यावा. तो सकाळीच घ्यावा, कारण दुपारनंतर या खोऱ्यात वारा सुटतो आणि डोळ्यांत वाळू जाऊ लागते. बहुतेक गट थेट खाली पाण्याकडे उतरतात. मी गटाला आधी वर, रस्त्याच्या कडेच्या सज्जासारख्या जागेवर उभे करते. तिथून दोन्ही प्रवाह वेगवेगळे दिसतात. उन्हाळ्यात झंस्कार बर्फ वितळल्याने फुगलेली, गढूळ आणि घाईत असते, सिंधू तुलनेने संथ आणि हिरवट. एकत्र आल्यावरही काही अंतर दोघींचे रंग शेजारी शेजारी वाहतात. हिवाळ्यात याच झंस्कारचे पात्र गोठते आणि त्यावरून चालत जाण्याची वाट 'चादर' म्हणून ओळखली जाते.

इथे गाईडला खडकांविषयी बोलते करावे. संगमाकडे येताना उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, लडाख रांगेचा फिकट ग्रॅनाइट असतो. डाव्या हाताला, नदीपलीकडे, जांभळट, तांबूस, हिरवट थरांचे गाळाचे खडक दिसतात. भारतीय भूखंड आशियाला जिथे येऊन भिडला, ती शिवण याच सिंधूच्या आसपास आहे. ही टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. आपल्या पारसिकच्या आणि येऊरच्या डोंगरातला काळा बेसाल्ट त्याच्याही आधी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा थंड होऊन बनला. म्हणजे मुंब्र्याहून लोकलने येताना खिडकीतून दिसणारा तो काळा कडा, समोरच्या या उंचच उंच हिमालयाहून वयाने वडीलधारा आहे. आमच्या गटातली शाळकरी मुले हे ऐकून एकदम गप्प झाली होती. आणि समोरचे हे पाणी पाकिस्तानातून वाहत जाऊन शेवटी अरबी समुद्रालाच मिळते, ज्या समुद्राला ठाण्याची खाडी मिळते.

अर्धा-पाऊण तास इथे सहज जातो. मुलांना पाण्यात पाय घालू देऊ नयेत. प्रवाह दिसतो त्यापेक्षा जोरदार आणि पाणी बर्फाचे असते.

आल्ची

सस्पोलच्या अलीकडे-पलीकडे गाईड सांगेल तिथे मुख्य रस्ता सोडून पुलावरून सिंधू ओलांडली, की आल्ची गाव येते. लेहपासूनचे अंतर सुमारे ६५ किलोमीटर. अकराच्या सुमारास पोहोचावे. दुपारी जेवणाच्या वेळी देवळांना कुलूप लागू शकते, म्हणून त्या दिवशीची वेळ गाईडने आदल्या संध्याकाळी विचारून ठेवलेली असावी. देखभाल लिकिर गोंपाचे, म्हणजे बौद्ध मठाचे, भिक्षू करतात. ठिकसेसारखे हे डोंगरावर चढवलेले गोंपा नाही. सपाट जमिनीवर, जर्दाळूच्या झाडांच्या सोबतीने, बाहेरून अगदी साध्या मातीच्या भिंतींची काही देवळे इतकेच दिसते. चढ नसल्यामुळे ज्येष्ठांनाही ते सोपे जाते.

गटात दहाहून अधिक माणसे असतील तर दोन तुकड्या कराव्यात. सुमत्सेग म्हणजे तीन मजली देऊळ, आणि त्याचे आतले दालन लहान आहे. पंधरा जण एकदम शिरले, की कोणालाच काही दिसत नाही आणि सगळ्यांच्या पिशव्या भिंतींना घासतात. या भिंतींवरचे रंग सुमारे आठशे वर्षांचे किंवा त्याहूनही जुने आहेत. पाठीवरच्या पिशव्या गाडीतच ठेवाव्यात. जी तुकडी बाहेर थांबेल तिने पुढच्या ओसरीवरचे लाकडी कोरीवकाम पाहावे: त्रिकोणी कमानी, त्यांतल्या लहान मूर्ती, खांबांची शीर्षे. ही काश्मिरी घडण आहे. तिबेटी भाषेत बौद्ध ग्रंथांचे अनुवाद करणारे रिनचेन झांगपो (९५८ ते १०५५) यांच्या परंपरेशी आल्चीचे नाव जोडले जाते आणि इथले चित्रकार व सुतार काश्मिरी शैलीत घडलेले होते. खुद्द काश्मीरमध्ये त्या काळची देवळांतली भित्तिचित्रे उरलेली नाहीत. ती शैली पाहायची तर इथे यावे लागते.

आत गेल्यावर लगेच बोलायला सुरुवात करू नये, असे मी गाईडला आधीच सांगून ठेवते. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या डोळ्यांना त्या अंधाराची सवय व्हायला चार-पाच मिनिटे लागतात. तोवर मुकाट्याने उभे राहावे. हळूहळू डाव्या बाजूला अवलोकितेश्वर, समोर मैत्रेय आणि उजव्या बाजूला मंजुश्री, असे उभे बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचे पूज्य पुरुष, आकार घेऊ लागतात. बाजूचे दोघे सुमारे चार मीटर उंच आहेत, मधला मैत्रेय त्यांच्याहून उंच. त्यांची मस्तके वरच्या मजल्याच्या उंचीत गेलेली आहेत, त्यामुळे नजर आपोआप वर जाते आणि तिथेच अडकते. माझीही पहिल्या खेपेला तशीच अडकली होती.

आता नजर खाली आणावी. भिक्षूंची परवानगी असेल तर गाईड बारीक विजेरी लावतो. प्रकाश एका जागी फार वेळ धरायचा नाही. अवलोकितेश्वराच्या धोतरावर राजवाडे, देवळे, घोडेस्वार आणि त्यांच्या अवतीभवती वावरणारी माणसे आहेत. मैत्रेयाच्या धोतरावर गोल चौकटींत बुद्धाचे चरित्र आहे, जन्मापासून पुढे. मंजुश्रीच्या धोतरावर ८४ महासिद्ध, म्हणजे सिद्धी मिळवलेले योगी आहेत, प्रत्येकाची बसण्याची ढब वेगळी. सोवळ्याच्या कदाला जसा काठ असतो तसे कापडाच्या चुणीचे वळण राखून हे सारे रंगवले आहे, त्यामुळे दोन पावले मागे गेले, की ते नुसते नक्षीदार वस्त्र वाटते. दुसऱ्या खेपेला आमच्या गाईडने अवलोकितेश्वराच्या गुडघ्याच्या खाली विजेरी धरून एकेक माणूस दाखवला. मी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि एका घोड्याच्या मानेवरची आयाळ केसाकेसाने वेगळी काढलेली पाहत होते. एका तुकडीला निदान पाऊण तास द्यावा, तो यासाठी.

दुखांग हे त्याच आवारातले सभागृह. तिथे वैरोचन या बुद्धाचे मंडल, म्हणजे देवतांची वर्तुळाकार मांडणी, आणि भिंतींवर इतर मंडले आहेत. दाराजवळच्या भिंतीवर खालच्या बाजूला राजा-राणीचे आणि हातातल्या प्याल्याचे एक दृश्य आहे, ते गाईडने मुद्दाम दाखवले नाही तर सुटते. त्यातले कपडे आणि केशरचना पाहून त्या काळचा दरबार डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यापुढच्या मंजुश्री आणि लोत्सावा देवळांत मन भरल्यामुळे फारसे शिरत नाही. थोडा वेळ डोकावून निघाले तरी चालते.

वागण्याच्या थोड्याच गोष्टी आहेत, पण त्या कसोशीने पाळाव्यात. चोर्तेन (स्तूप), मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) आणि प्रार्थनाचक्रे उजव्या हाताला ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने, पुढे जावे. मणी-भिंतीवरचा कोरलेला दगड आठवण म्हणून उचलू नये, तो कोणी तरी श्रद्धेने तिथे ठेवलेला असतो. चित्रांना बोट लावू नये, मुलांचे हात धरून ठेवावेत, आणि पेटीत यथाशक्ती दक्षिणा टाकावी.

जेवण, पाणी आणि शौचालय

जेवण आल्चीतच घ्यावे. जवाच्या किंवा गव्हाच्या पिठाचे हाताने दाबलेले तुकडे भाज्यांसोबत शिजवून केलेला स्क्यू शाकाहारी मिळतो आणि तो वरणफळांच्या इतका जवळचा आहे, की आमच्या आजींनी दुसऱ्यांदा मागून घेतला. त्सांपा म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ. सातूचे पीठ खाल्लेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या बरेच आधी, लेहमध्ये तर सुमारे ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ-भात शिजायला फार वेळ लागतो. म्हणून पंधरा माणसांनी ऐन वेळी "साधा वरण-भात" मागू नये. गाईडकरवी सकाळीच कळवून ठेवावे. लोणी आणि मीठ घातलेला चहा पहिल्या घोटाला चहा समजून पिऊ नये, कढण समजून प्यावा, म्हणजे आवडतो.

जुलै-ऑगस्टमध्ये ताजे जर्दाळू मिळतात, एरवी सुकवलेले. देवळाच्या वाटेवर एक आमा-ले दगडावर दगडाने जर्दाळूच्या आठ्या, म्हणजे टणक बिया, फोडत बसल्या होत्या. आठी उभी धरून एकच ठोका, आणि आतला गर अखंड बाहेर. आठीचा गर गोड आणि कडू अशा दोन्ही जातींचा असतो. कडू गर मूठभर खाऊ नये, त्यात विषारी द्रव्य असते; विकत घेताना गोडच मागून घ्यावा.

गावातून चालताना घरांच्या कडेने वाहणारे पाण्याचे पाट दिसतात, त्यांना यूरा म्हणतात. लेहमध्ये वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यात एका पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या घरात. म्हणजे इथली हिरवीगार शेते पावसावर उभीच नाहीत, वरून वितळून आलेल्या बर्फाच्या पाण्यावर आहेत, आणि ते पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचे हे ठरवणारा चुरपोन नावाचा माणूस गावाने नेमलेला असतो. गाईड याच भागातला असेल तर त्याला त्याच्या गावची पाणीपाळी विचारावी. माझ्या अनुभवात देवळांपेक्षाही या विषयावर तो अधिक जिवाभावाने बोलतो. पाटात हात-पाय धुऊ नयेत, बाटली विसळू नये.

शौचालय कोरडे असण्याची शक्यता गृहीत धरावी. जमिनीत चौकोनी भोक आणि कोपऱ्यात मातीचा ढीग असतो. काम झाल्यावर फावड्याने माती आत लोटायची. त्याचे पुढे शेताला खत होते. पाणी ओतू नये आणि ओले टिश्यू टाकू नयेत, त्यामुळे खत बिघडते. पाण्याच्या टंचाईच्या मुलखात ही व्यवस्था किती विचाराने केलेली आहे, हे गटातल्या नाक मुरडणाऱ्यांना आधीच समजावून सांगितले, की अडचण येत नाही.

बास्गो आणि परतीचा रस्ता

दोनच्या सुमारास आल्ची सोडावे आणि परतताना बास्गोला थांबावे. मावळतीकडे झुकलेले ऊन तिथल्या मातीच्या किल्ल्यावर पडले, की डोंगर कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिबेट आणि मंगोल यांच्या फौजांनी या किल्ल्याला दीर्घकाळ वेढा घातला होता. आतली मैत्रेयाची देवळे गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन जतन केली आणि त्या कामाला २००७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. उन्हात वाळवलेल्या विटांच्या भिंती शतकानुशतके टिकल्या त्या पाऊस नसल्यामुळे. आणि म्हणूनच ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात ढगफुटी झाली तेव्हा मातीच्या घरांची एवढी हानी झाली. गाईडच्या पिढीतल्या प्रत्येकाला ती रात्र आठवते. त्याने आपणहून सांगितले तर ऐकावे, खोदून विचारू नये.

बास्गोला थोडा चढ आहे. ज्यांना दम लागत असेल त्यांनी खालीच सावलीत बसावे आणि इतरांनी त्यांना आग्रह करू नये. गाडी अगदी वरपर्यंत नेता येते का, हे ड्रायव्हरला विचारावे. लिकिरचा फाटाही याच बाजूला आहे आणि तिथली मैत्रेयाची प्रचंड सोनेरी मूर्ती लांबून दिसते म्हणून गटात चुळबुळ सुरू होते. दिवस इथेच थांबवावा, कारण लिकिर लेहपेक्षा उंचावर आहे आणि आल्चीच्या चित्रांनंतर डोळ्यांत जागा उरलेली नसते.

पाचपर्यंत लेहला पोहोचता येते. गाईडचे ठरलेले पैसे आणि त्याखेरीज गटाने स्वखुशीने जमवलेली रक्कम त्याच्या हातात, पाकिटात घालून, सर्वांसमोर द्यावी. ड्रायव्हरचे पाकीट वेगळे. संध्याकाळी मद्य टाळावे, जेवण हलके घ्यावे. झोपण्यापूर्वी गटप्रमुखाने प्रत्येक खोलीत जाऊन डोके दुखते का, मळमळते का, भूक लागली होती का, हे विचारावे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसले, तर सकाळची वाट न पाहता लेहच्या सरकारी एस. एन. एम. रुग्णालयात न्यावे. आणि कोणी नुसते "थोडेसे दुखते आहे" असे म्हणाले, तरी दुसऱ्या दिवशीच्या खारदुंग लाच्या गाडीला त्याच रात्री फोन करून ती एक दिवस पुढे ढकलावी.